सकाळ जरा शांत सुरू व्हावी म्हणून तुम्ही काय करता? (नळ येण्याचा दिवस धरून सांगा)

झेडपीच्या_बाई

नमस्कार सगळ्यांना. लई दिवसांपासून विचारायचं होतं, आज रविवार आहे म्हणून निवांत टाईप करतेय. मी लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते, झेडपीच्या शाळेवर शिक्षिका आहे, शाळा इथून २२ किलोमीटर. घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि दोन लेकरं, मोठी आठवीत, धाकटा तिसरीत. मिस्टरांचं हार्डवेअरचं दुकान, ते रात्री दहाला घरी येतात, मग जेवणं, मग ओटा आवरणं, झोपायला साडेअकरा होतात.

सकाळी साडेपाचला अलार्म वाजला की तिथंच छातीत धडधड सुरू होते. हात आधी मोबाईलकडं जातो, शाळेच्या ग्रुपवर रात्रीतून कोणती माहिती "आजच भरा" म्हणून मागितलीय ते बघते, त्यात पंधरा-वीस मिनिटं जातात आणि मग उठल्यापासून नुसती पळापळ, मोठीचा साडेसहाचा क्लास, तिचं दूध, चार डबे, सासूबाईंचा बिगर मिठाचा स्वयंपाक वेगळा, धाकट्याची आंघोळ. बोलणं असं राहतच नाही, सगळं ओरडूनच. परवा धाकट्याला एक सॉक्स सापडेना म्हणून मी इतकं रागावले की तो रडतच रिक्षात बसला. दिवसभर वर्गात दुसऱ्यांची लेकरं शिकवताना माझ्या डोळ्यासमोर त्याचंच तोंड येत होतं.

आणि पाणी. आमच्या भागात नळ आठव्या नाहीतर नवव्या दिवशी येतात, कधी पहाटे तीनला, कधी सकाळी सातला. सासूबाई २०१६ साली मोठ्या दिरांकडं लातूरला होत्या, मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तो उन्हाळा त्यांनी तिथं काढलाय, टँकरच्या मागं घागरी लावल्यात. तेव्हापासून त्यांना रात्रीतून तीनदा जाग येते, उठून तोटीला हात लावून बघून येतात. त्यांच्या उठण्यानं माझीबी झोप मोडते पण त्यांना काय म्हणणार, बोलावंसं वाटतही नाही.

मागं एकदा युट्यूबवर बघून एकदम सगळं सुरू केलं होतं, पाचला उठायचं, ध्यान, व्यायाम, कोमट पाणी, डायरी. सहा दिवस चाललं. सातव्या दिवशी नळ आले आणि तिथंच संपलं.

मला मोठं काही नको आहे. सकाळची दहा-पंधरा मिनिटं डोकं शांत राहावं आणि लेकरांवर न ओरडता घरातून निघता यावं, एवढंच. जे कुणी खरंच करत असतील त्यांनी काय जमतं काय जमत नाही ते सांगा. मोबाईल बघू नका एवढंच नका सांगू, ते मला कळतं, पण जमत नाही.

---

परभणीची_कॅशियर

ताई, तुमचं वाचून चार वर्षांपूर्वीची मीच दिसले मला. बँकेत आहे, दहाला काउंटर उघडतं म्हणजे उघडतं, तिथं "पाणी आलं होतं" चालत नाही.

मला जे कळायला दोन वर्षं लागली ते सांगते, सकाळ जी बिघडते ती रात्री बिघडलेली असते. सकाळी तुमचं काम कमी नाहीच होणार, पण सकाळी जे ठरवावं लागतं ते कमी करता येतं. भाजी कोणती, कोणता ड्रेस, सॉक्स कुठंय, कुणाची वही सही करायची राहिली, हे सगळे प्रश्न सकाळी सहाला डोक्यात एकदम आले की माणूस ओरडणारच, त्यात स्वभावाचा काही दोष नाही. मी रात्री साडेआठला, लेकरं जेवत असतात तेव्हाच, त्यांच्याकडूनच करून घेते, दप्तर भरून दाराजवळ, बुटात सॉक्स घालून ठेवायचे (हे एक केलंत तरी तुमच्या धाकट्याचं रडणं वाचेल), युनिफॉर्म खुर्चीवर. भाजी निवडून चिरून डब्यात. कणीक मात्र मी रात्री मळत नाही, आमच्याकडं उन्हाळ्यात ती काळी पडते आणि पोळ्याही चिवट होतात, सकाळीच मळते. सात दिवसांच्या डब्याच्या भाज्या कागदावर लिहून फ्रीजला चिकटवल्यात, सोमवारी बटाटा म्हणजे बटाटा. लेकरं आधी कुरकुरली, आता नाही.

दुसरं मिस्टरांच्या जेवणाचं. आमचेही उशिरा येतात. मी आता त्यांचं ताट वाढून झाकून ठेवते, भाकरी कपड्यात गुंडाळून, आणि दहाला आडवी होते. पहिल्या आठवड्यात मला फार वाईट वाटलं, माहेरी आई वडिलांच्या आधी कधी जेवली नाही, झोपली तर नाहीच. पण मी मिस्टरांना नीट सांगितलं की मला सकाळी चिडायचं नाहीये म्हणून लवकर झोपते, ते लगेच हो म्हणाले, वर आता स्वतःचं ताट स्वतः घासून ठेवतात. तुम्ही न बोलता मनात धरून बसू नका, एकदा बोला.

पाण्याचं. तुमच्याकडं जमिनीतला हौद आहे का? असेल तर नळाच्या तोंडाला बॉल कॉक बसवून घ्या, आणि तोटी कायम उघडी ठेवा. नळ रात्री तीनला येवो की चारला, हौद आपोआप भरतो, भरला की आपोआप बंद होतो, कुणी उठायची गरज नाही. दुकान घरचंच आहे म्हणल्यावर काय प्रश्नच नाही. फक्त आधी प्लंबरला दाखवा, नळाला दाब कमी असेल आणि मोटार लावूनच पाणी ओढावं लागत असेल तर ह्याचा उपयोग नाही.

आणि पाणी येण्याच्या दिवसाचं टाइमटेबल वेगळंच करा. आमच्याकडं त्या दिवशी डब्याला चुरमुऱ्यांचा सुशीला नाहीतर रात्रीच थापून ठेवलेले धपाटे आणि दही. पाण्याच्या दिवशी पोळी-भाजी करायचीच नाही हे सगळ्यांना माहीतय. तुमचा सातवा दिवस मोडला तो त्यामुळं, तो दिवस धरून आधी काही ठरवलंच नव्हतं.

---

पहाटवारा_पैठण

माझा अनुभव वेगळा आहे म्हणून लिहितो. मी १४ वर्षं झाली ब्राह्ममुहूर्तावर उठतो, सूर्योदयाच्या दीड तास आधीपासूनची ती वेळ, उन्हाळ्यात सव्वाचार, हिवाळ्यात साडेपाचच्या आसपास. गोदावरीवर जातो, स्नान, नाथांच्या समाधीचं दर्शन, घरी येऊन थोडं वाचन. त्या वेळेला गावात आवाज नसतो, फोन नसतो, कुणी काही मागत नाही. जी शांतता पहाटे मिळते ती सातला मिळत नाही, कितीही प्रयत्न करा. ताईंनी लवकर उठायचं सोडू नये असं मनापासून वाटतं. महिनाभर जड जातं, मग आपोआप जाग येते.

---

नांदेडचा_फिजिशियन

वरच्या काकांचं म्हणणं त्यांच्यापुरतं बरोबर आहे, पण काका तुम्ही झोपता किती वाजता ते लिहा. माझा अंदाज नऊ. ताई साडेअकराला झोपून साडेपाचला उठतात, म्हणजे सहा तास, त्यातही मध्ये तीनदा झोपमोड. मोठ्या माणसाला किमान सात तास लागतात. त्यांना सव्वाचारला उठवलं तर शांतता नाही मिळणार, डोकेदुखी मिळेल. लेकरांचं तर अजून जास्त, आठवीतल्या मुलीला आठ ते दहा तास आणि तिसरीतल्या मुलाला नऊ तरी. चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आत भरवू नका असा आदेश राज्य शासनानं २०२४ च्या फेब्रुवारीत काढला तो मुलांच्या झोपेमुळंच. धाकट्याची शाळा नऊची असेल तर त्याला मोठीबरोबर सहाला उठवू नका, झोपू द्या, तुमचाही एक व्याप कमी.

आता धडधडीचं. जाग आल्यावर पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात शरीरात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक वाढतं, प्रत्येकाचंच वाढतं, दिवसाला उभं राहायला ते लागतं. त्यात मेंदू पूर्ण जागा व्हायलाही पंधरा ते तीस मिनिटं जातात. म्हणजे ज्या वेळेला शरीर आधीच वर चढत असतं आणि डोकं अजून अर्धवट झोपेत असतं नेमक्या त्या वेळेला तुम्ही ग्रुपवरची "आजच भरा" वाचता. तोच मेसेज अर्ध्या तासानं वाचला तर तेवढा अंगावर येत नाही. मोबाईल बघू नका म्हणत नाही, अलार्मला दीडशे-दोनशे रुपयांचं घड्याळ आणा आणि फोन रात्री दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. उशाशी असला की हात जाणार, त्यात मन घट्ट करून काही होत नाही.

उठल्यावर दहा मिनिटं अंगणात नाहीतर गच्चीवर उजेडात थांबा. पावसाळ्यात आभाळ भरलेलं असलं तरी बाहेरचा उजेड घरातल्या ट्यूबलाईटच्या कितीतरी पट असतो आणि डोळ्यावर पडलेल्या ह्या उजेडावरच शरीराचं घड्याळ लागतं, रात्री झोप वेळेवर यायची ती त्याच्यावरच ठरते. उभ्या उभ्या श्वास घ्या, सोडताना घेण्यापेक्षा लांबवून सोडा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात म्हणून हे लागू पडतं, त्याला वेगळा क्लास लावायची गरज नाही.

संध्याकाळचा चहा पाचच्या पुढं नको. त्यातलं कॅफिन निम्मं उतरायलाच सरासरी पाच तास लागतात.

एक विचारतो, तुम्हाला काही औषधं चालू आहेत का? आणि ही धडधड फक्त सकाळीच होते का दिवसभर?

---

झेडपीच्या_बाई

डॉक्टर साहेब, थायरॉईडची गोळी चालू आहे तीन वर्षांपासून. सकाळी चहासोबतच घेते, विसरायला नको म्हणून. धडधड मुख्य सकाळी, कधीकधी शाळेतही होते. टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ताची तपासणी, शेवटची दीड वर्षापूर्वी केली असेल.

परभणीच्या ताई, हौद आहे, आणि नळाचा दाब चांगला आहे, पाणी आपलं आपण हौदात पडतं. बॉल कॉक हा विचार इतकी वर्षं कसा नाही आला, दुकानात रोज विकले जातात.

---

नांदेडचा_फिजिशियन

मग हे आधी. थायरॉईडची गोळी चहासोबत घेतली की नीट शोषली जात नाही. उपाशीपोटी साध्या पाण्यासोबत घ्यायची आणि चहा-नाश्ता अर्धा ते एक तासानंतर. कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्यात आणि हिच्यात चार तासांचं अंतर. पण गोळी घ्यायची पद्धत बदलायच्या आधी टीएसएच करून घ्या आणि तुमच्या डॉक्टरांना दाखवा, कारण डोस कमी पडला तरी त्रास आणि जास्त झाला तर धडधड, घाबरल्यासारखं होणं, झोप न लागणं हे सगळं होतं. चहाबरोबर घेत असताना ठरवलेला डोस उपाशीपोटी घेतल्यावर जास्तही होऊ शकतो, म्हणून सहा ते आठ आठवड्यांनी परत तपासणी. डोस आपल्या मनानं कमी-जास्त करू नका.

आणि गोळी ते चहा हा जो अर्धा तास आहे ना, तोच तुमचा शांत वेळ ठरवा. उशाजवळ पाण्याचा तांब्या आणि गोळी ठेवायची, उठलं की घ्यायची आणि मग चहा होईपर्यंत घाई नाही. वेगळी वेळ काढायलाच नको.

वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी पण लिहून ठेवतो, दोन आठवड्यांच्या वर रोज पहाटे तीन-चारला जाग येऊन परत झोप लागत नसेल, मन उदास राहत असेल, कशात रस वाटत नसेल तर सकाळचं रुटीन बदलून ते जाणार नाही, डॉक्टरांना भेटा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

---

रिपीटर_लातूर

मी विद्यार्थी आहे, नीटचं (मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचं) रिपीट करतोय, लातूरला रूमवर चौघं राहतो. बाईंचा प्रश्न घरचा आहे पण मला पण सांगावं वाटलं.

आम्ही रूममधल्या चौघांनी जूनमध्ये ठरवलं होतं की २१ दिवस चारला उठायचं म्हणजे सवय लागते. रात्री बाराला झोपायचो. पहिले आठ दिवस उठलो, पण सकाळी वाचलेलं दुपारी आठवत नव्हतं आणि टेस्टमध्ये डोळे मिटायचे, मार्क कमी आले तर अजून टेन्शन, मग अजून लवकर उठायचं. एकजण तर आजारीच पडला. नंतर आमच्या बायोलॉजीच्या सरांनी एक गोष्ट सांगितली, नीटचा पेपर दुपारी दोनला असतो, तुमचं डोकं दोन ते पाच चाललं पाहिजे, पहाटे चारला चालून काय करणार. मला ते एवढं पटलं की त्याच रात्री अलार्म बदलला. आता साडेदहाला झोपतो, सहाला उठतो.

आणि २१ दिवसांचं खरं नाहीये. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधला ९६ लोकांवरचा अभ्यास आहे, २०१० साली छापून आलेला, त्यात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८ तर कुणाला २५४ दिवस लागतील असा हिशोब निघाला. सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे मध्ये एखादा दिवस चुकला तरी त्याचा फारसा फरक पडला नाही असं त्यांना दिसलं. हे वाचल्यावर माझ्या डोक्यावरचं ओझंच गेलं कारण मी एक दिवस चुकला की सगळं गेलं असं धरून बसायचो. बाई तुमचा सातवा दिवस पाण्यामुळं गेला तर आठव्या दिवशी परत सुरू करायचं, मोजायला पहिल्यापासून नाही बसायचं.

मी सकाळी फक्त दोन गोष्टी करतो, अंथरूण घडी करून ठेवतो आणि मेसच्या चहाला जाताना लांबच्या रस्त्यानं जातो, पंधरा मिनिटं. आईला फोन पण तेव्हाच, गावाकडं ती पण उठलेली असते.

---

गोठा_आणि_बांध

बीड जिल्हा. शेतकरी हाव. आमचं तर घड्याळच लाईटच्या हातात. इतकी वर्षं एक हप्ता दिवसाची लाईट, एक हप्ता रातची. रातची आसली की बारा-एकला मोटार चालू करायला शेतात जायचं, तुरीला नाहीतर हरभऱ्याला पाणी धरायचं, बॅटरी घेऊन, जनावराची-सापाची भीती हायेच, पहाटं तीन-चारला घरी येऊन पडायचं. आता मला सांगा आसल्या माणसानं पहाटं उठून ध्यान करायचं का झोपायचं.

म्या काय केलं ते सांगतो. येळ सोडून दिली आन क्रम धरला. साडेपाचला उठू नाहीतर आठला, उठलं की आधी तोंड धुवून जनावरायला पाणी दाखवायचं, मंग शेणकूर, मंग लिंबाखाली बाजेवर चहा, आन चहा संपोस्तर कुणाशी हिशोबाचं बोलायचं नाही. कापसाचा भाव, बँकेचा हप्ता, भावकीचं, काहीच नाही, सगळं चहाच्या नंतर. घरात सगळ्यायला माहीत हाय. आधी बायकू म्हणायली, मंग बोलायचं कवा, आता तीबी त्याच टायमाला माझ्याजवळ येऊन बसती. एवढ्या एका नेमानं आमच्या घरातले सकाळचे भांडणं निम्मे कमी झाले, हे म्या छातीवर हात ठेवून सांगतो.

बैलाजवळ दहा मिनिटं उभं राहिलं, पाठीवरून हात फिरवला की माणसाचा श्वास आपोआप हळू होतो. जनावराला घाई नसती.

औंदा सौर पंप बसलाय, आता दिवसाच पाणी चालतंय. पण क्रम तोच ठेवलाय.

ताई, तुमच्या सासूबाईचं वाचून जीव भरून आला. त्यायला पाण्याचं टेन्शन घेऊ नका म्हणू नका, त्यायनं ते बघितलंय. हौद भरलेला दिसू द्या, मंग आपोआप झोपतील.

---

सेवानिवृत्त_गुरुजी

मी अंबाजोगाईचा, ३४ वर्षं प्राथमिक शिक्षक होतो, आता रोज सकाळी मुकुंदराजांच्या समाधीकडं फिरायला जातो. वरची सगळी मंडळी छान बोलली. मला एकच गोष्ट घालायची आहे.

माझी आई पहाटे जात्यावर बसायची. पायली-दीड पायली ज्वारी, एकटीनं. कष्टाचंच काम होतं, मी त्याचं कौतुक करणार नाही, तिचे खांदे म्हातारपणी फार दुखायचे. गिरणी आली तेव्हा तिला आनंदच झाला. पण एक मात्र ती स्वतः सांगायची, गिरणी आल्यावर हाताला आराम मिळाला आणि जिवाचं बोलायची जागा गेली. जात्याची फेरी एका लयीत, तिच्याबरोबर ओवी, ओवीबरोबर श्वास, आणि मनात जे साठलेलं असेल, माहेरचं, नवऱ्याचं, देवाचं, ते सगळं त्यात निघून जायचं. सूर्य उगवायच्या आत ती मोकळी झालेली असायची. आज आपण ध्यान वेगळं, व्यायाम वेगळा, डायरी वेगळी करायला जातो, त्या बायकांचं सगळं एका कामात व्हायचं.

तर बाई, तुम्ही सकाळच्या पंचवीस कामांत सव्विसावं घालू नका. आहे त्यातलंच एक काम निवडा आणि तेवढं एक हळू करा. बाकीची चोवीस पळत केली तरी चालतील. अंगणात सडा टाकून रांगोळी काढत असाल तर तीच घ्या. ठिपके मोजायचे, ओळ हळू ओढायची, डॉक्टर म्हणाले तो उजेडही तिथंच मिळेल, गोळी-चहाचा अर्धा तासही तिथंच जाईल. कुणी बोलावलं तर "रांगोळी झाली की येते" म्हणायचं. ध्यानाला बसलेल्या बाईला घरातले दहादा हाका मारतात, रांगोळी काढणाऱ्या बाईला नाही मारत. हे मी माझ्या घरात बघितलं आहे.

शिक्षक म्हणून अजून एक, शाळेच्या ग्रुपला उत्तर द्यायची एक वेळ ठरवून मुख्याध्यापकांना सांगून ठेवा, साडेसात. पहाटे साडेपाचला मागितलेली माहिती साडेसातला गेली म्हणून काही अडत नाही, माझ्या नोकरीत कधी अडलेलं मी पाहिलं नाही.

---

पहाटवारा_पैठण

डॉक्टर साहेबांनी बरोबर ओळखलं, मी नऊच्या आत झोपतो, आणि घरात आम्ही दोघंच आहोत, मुलं पुण्याला. हे आधी लिहायला पाहिजे होतं. ताई, माझं वेळापत्रक तुमच्यासाठी नाही. गुरुजींचं ऐका.

---

झेडपीच्या_बाई

सगळ्यांना आधी नमस्कार आणि उशीर झाला त्याबद्दल माफ करा, पाच आठवडे झाले. खरं खरं काय झालं ते लिहिते.

टीएसएच केली, जास्त आली, म्हणजे गोळी कमी लागू पडत होती. डॉक्टर म्हणाले डोस तोच ठेवू, आधी गोळी नीट घ्या, सहा आठवड्यांनी परत बघू. पुढच्या शनिवारी परत रक्त द्यायचंय. धडधड कमी आहे पण ती गोळीमुळं का झोपेमुळं का मोबाईल लांब ठेवल्यामुळं ते मला सांगता येणार नाही.

घड्याळ आणलं. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला. पहिले चार दिवस उठल्यावर हात उशीखाली जायचा. ग्रुपचं मुख्याध्यापक सरांना सांगितलं, ते म्हणाले मीबी साडेसातलाच बघतो, मग आपण पाचला बघायलो कुणासाठी.

रांगोळी. सासूबाईच काढायच्या इतके दिवस, गुडघे दुखतात तरी. त्यांना म्हणलं मला द्या, तर त्यांना वाटलं त्यांचं काम काढून घ्यायले. दोन दिवस बोलल्या नाहीत. मग मी म्हणलं ठिपके तुम्ही सांगा मी काढते, आता त्या पायरीवर खुर्ची टाकून बसतात, "सात ते चार, मधे मधे" असं सांगतात, मी काढते. आमच्या दोघींत १५ वर्षांत एवढं बोलणं झालं नव्हतं. लातूरच्या त्या उन्हाळ्याचं त्यांनी पहिल्यांदा सगळं सांगितलं, रात्री दोनला नंबर लावायला कशा जायच्या, एकदा घागर भरून आणताना जिन्यात पडल्या आणि दुखण्याआधी पाणी सांडल्याचं रडू आलं ते.

जे जमलं नाही तेही सांगते. साडेदहाला झोपणं आठवड्यातून चारच दिवस होतंय. भाज्यांचा कागद दोन आठवडे पाळला मग पाहुणे आले आणि राहिला, परत सुरू करणार. ओरडणं बंद झालं नाही, कमी झालंय, मागच्या मंगळवारी मोठीवर चिडलेच, पण क्लासला सोडताना तिला तिथंच सॉरी म्हणलं. धाकटा आता सातला उठतो, त्याच्या बुटात सॉक्स रात्री तोच घालून ठेवतो आणि मला दाखवून झोपतो.

बॉल कॉक मिस्टरांनी त्याच आठवड्यात बसवला. पहिल्यांदा नळ आले तेव्हा सासूबाई उठल्याच, बॅटरी घेऊन हौदाशी जाऊन बसल्या, पाणी वर येईपर्यंत, आणि कॉक बंद झाल्याचा आवाज ऐकूनच आत आल्या. दुसऱ्या वेळेलाही तसंच. काल चौथी पाळी होती, नळ पहाटे सव्वातीनला आले असं शेजारच्या काकूंनी सांगितलं. आमच्या घरात कुणालाच कळलं नाही. सकाळी सासूबाईंनी झाकण काढून बघितलं तर हौद काठोकाठ.

डबा ठरल्याप्रमाणं धपाट्याचाच दिला.